पेशीपर्यंत पोचतो तो कण कुठला?

बाटलीवरचं लेबल आटोपशीर असतं. टायटॅनियम डायऑक्साइड, नॅनोपावडर, सरासरी आकार २१ नॅनोमीटर, शुद्धता अमुक टक्के. आत पांढरीशुभ्र पावडर, इतकी हलकी की झाकण उघडताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. बाकी तयारी झालेलीच असते. प्लेटमध्ये पेशी वाढलेल्या असतात, इनक्युबेटर ३७ अंशांवर स्थिर असतो. पावडर तोलायची, मीडियममध्ये, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवात, ढवळायची, पेशींवर घालायची आणि २४ तासांनी किती जगल्या ते मोजायचं. काम सरळ वाटतं. पण असं केलं तर हाती येणाऱ्या आकड्याला जवळजवळ काहीच अर्थ नसतो.

माझं काम त्या चाचणीच्या आधीचं आहे. कण तयार करून द्यायचे आणि जे दिलं ते नेमकं काय आहे हे मोजून सांगायचं. शोधनिबंधात या कामाला एखादा परिच्छेद मिळतो, तोही पुष्कळदा पुरवणीत. मला मात्र वर्षानुवर्षं हेच दिसत आलंय, की एखादा नॅनोपदार्थ विषारी आहे की नाही या प्रश्नाचं उत्तर बिघडतं ते इथेच. आणि इथे बिघडलेलं पुढे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण आलेख तर सुंदर आलेला असतो.

विरघळणारं रसायन असेल तर नाव आणि तीव्रता सांगितली की ओळख पुरी होते. आज विरघळवा किंवा पुढच्या महिन्यात, रेणू तोच राहतो. नॅनोकण सहसा विरघळत नाही, द्रवात तरंगत राहतो. त्याचं वागणं रासायनिक सूत्रावर जितकं ठरतं तितकंच त्याच्या आकारावर, घडणीवर, स्फटिकरचनेवर, पृष्ठभागावरच्या लेपावर आणि भोवतालच्या द्रवावर ठरतं. यातली निम्मी वैशिष्ट्यं द्रव बदलला की बदलतात. म्हणून 'हा कण कसा आहे' एवढंच विचारून भागत नाही. कुठल्या द्रवात आणि किती वेळानंतर, हेही विचारावं लागतं.

पृष्ठफळाचंच बघा. २० नॅनोमीटर व्यासाचे, घनसेंटिमीटरला सुमारे ४ ग्रॅम घनतेचे गोल कण घेतले, तर त्यांच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ साधारण ७५ चौरस मीटर भरतं. एक ग्रॅम! पेशीशी, प्रथिनांशी, ऑक्सिजनशी जे काही घडतं ते या पृष्ठभागावर घडतं. १९९०च्या दशकात गुंटर ओबरडॉर्स्टर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या फुप्फुसांवर केलेल्या अभ्यासांत सुमारे २० नॅनोमीटरचे आणि सुमारे २५० नॅनोमीटरचे टायटॅनियम डायऑक्साइडचे कण वापरले होते. वजन सारखं ठेवलं तर बारीक कणांनी कितीतरी जास्त दाह केला. तेच आकडे वजनाऐवजी पृष्ठफळावर मांडले तेव्हा दोन्ही आकारांचे बिंदू जवळपास एकाच रेषेवर आले. डोस मिलिग्रॅममध्येच मोजायचा या सवयीला तिथे धक्का बसला. ती सवय अजून गेलेली नाही.

पृष्ठफळ मोजायची रीत जुनी आहे. १९३८ साली ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांनी मांडलेला सिद्धांत आजही वापरात आहे. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला पावडरीवर नायट्रोजन वायू बसू द्यायचा आणि एक थर पुरा व्हायला किती वायू लागला ते काढायचं. चाचण्यांत सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या 'पी२५' या टायटॅनियम डायऑक्साइडचं पृष्ठफळ असं मोजलं तर ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर येतं. प्राथमिक कण २१ नॅनोमीटरचे धरून कागदावर हिशेब केला तर ७०च्या पुढे जायला हवं. या दोन आकड्यांतलं अंतर मला फार बोलकं वाटतं. कण सगळे एका मापाचे नाहीत, आणि ज्वालेत तयार होताना ते एकमेकांना वितळून जोडले गेले आहेत, म्हणजे थोडा पृष्ठभाग जोडांत झाकला गेलाय. लेबलवरचे २१ नॅनोमीटर खोटे नाहीत. पण असा सुटा, एकटा कण त्या बाटलीत क्वचितच असतो.

इथून सोनिकेशन, म्हणजे ध्वनिलहरींनी पावडर द्रवात फोडून पसरवणं, सुरू होतं. माझा सर्वांत जास्त वेळ यातच जातो.

कोरड्या पावडरीत दोन प्रकारचे पुंजके असतात. एक, ज्वालेतच पक्के जोडलेले. ते ध्वनिलहरींनी सुटत नाहीत, त्यांचा नाद सोडायचा. दुसरे, दुबळ्या आकर्षणाने एकमेकांना चिकटलेले, म्हणजे गुठळ्या. या फोडायच्या आणि फुटलेल्या अवस्थेत टिकवून धरायच्या. युरोपातल्या 'नॅनोजिनोटॉक्स' प्रकल्पात यासाठी एक पद्धत ठरवली गेली आणि ती पुष्कळ प्रयोगशाळांनी उचलली. पावडर आधी अगदी थोड्या इथेनॉलने भिजवून घ्यायची, मग ०.०५ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, म्हणजे गाईच्या रक्तातलं प्रथिन, असलेल्या पाण्यात मिलिलिटरला २.५६ मिलिग्रॅम या प्रमाणात घ्यायची आणि बर्फात ठेवून प्रोबने, म्हणजे द्रवात बुडवलेल्या, कंप पावणाऱ्या दांडीने, १६ मिनिटं सोनिकेट करायची. इथेनॉल का? काही पावडरींना पाणी लागतच नाही, त्या वर तरंगत बसतात. अल्ब्युमिन का? फुटलेल्या तुकड्यांवर प्रथिनाचं आवरण बसलं की ते पुन्हा सहजी चिकटत नाहीत. बर्फ का? प्रोबच्या टोकाशी बुडबुडे फुटताना जी ऊर्जा सुटते, तिने द्रव तापतो आणि अल्ब्युमिनची घडी मोडते.

तरीही '१६ मिनिटं सोनिकेट केलं' या वाक्यातून दुसऱ्या प्रयोगशाळेला फारसं काही कळत नाही. माझं यंत्र आणि तुमचं यंत्र एकाच आकड्यावर ठेवलं तरी द्रवाला मिळणारी ऊर्जा वेगळी असते. प्रोबचं टोक किती झिजलंय, ते किती खोल बुडवलंय, भांडं अरुंद की पसरट, या सगळ्याने फरक पडतो. म्हणून प्रोबची क्षमता उष्णतेवरून काढायची: मोजून घेतलेल्या पाण्यात तो चालवायचा, तापमान किती वेगाने चढतं ते टिपायचं आणि त्यावरून वॅट काढायचे. मग मिलिलिटरमागे किती ज्यूल दिले हे सांगता येतं, आणि दुसरं कुणी ते पुन्हा करू शकतं. हे करायला फार वेळ लागत नाही. तरी वाचलेल्या निबंधांत ही नोंद शोधावी लागते, आणि अनेकदा ती नसतेच. याचा मला खरोखर राग येतो. लोकांचे पैसे आणि पुष्कळदा प्राण्यांचे जीव खर्ची पडलेले असतात, आणि तो प्रयोग पुन्हा करून बघायची वाटच बंद झालेली असते.

जास्त केलं की जास्त चांगलं, असंही नाही. कार्बन नॅनोट्यूब फार वेळ सोनिकेट केल्या तर तुटून आखूड होतात, आणि त्यांच्या बाबतीत लांबी हाच तर विषारीपणाचा कळीचा मुद्दा आहे. प्रोबचं टोक टायटॅनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि काम करताना त्याचाच बारीक चुरा द्रवात पडतो. टायटॅनियम डायऑक्साइड तपासताना तो चुरा पदार्थाच्याच हिशेबात मिसळून जाऊ शकतो. नुसत्या द्रवावर प्रोब चालवून एक कोरा नमुना ठेवणं त्यासाठीही गरजेचं आहे.

एवढं करून छान पसरलेला स्टॉक, म्हणजे कणांचा मूळ द्रव, तयार झाला, की तो पेशींच्या मीडियममध्ये जातो. तिथे मीठ असतं.

शुद्ध पाण्यात सारख्या विद्युतभाराचे कण एकमेकांना दूर ठेवतात, कारण प्रत्येकाभोवतीचा भाराचा प्रभाव लांबवर पोचतो. शरीरातल्या द्रवांइतकं मीठ असलं की तो प्रभाव एक नॅनोमीटरच्याही आत आटतो. कण जवळ येतात आणि चिकटतात. मायकेल फॅरेडेने १८५७ साली सोन्याच्या बारीक कणांवर जे काम प्रसिद्ध केलं त्यात हे आहे: माणकासारखा लाल द्रव मीठ घातल्यावर निळसर होतो. सोन्याच्या बाबतीत गुठळी डोळ्यांना दिसते, ही मोठी सोय आहे. टायटॅनियम डायऑक्साइड पांढरा तो पांढराच राहतो, काही झालंय याचा पत्ता लागत नाही. म्हणून आधी प्रथिन, मग मीठ, हा क्रम मी कधी मोडू देत नाही. तेच घटक, तेच प्रमाण, पण क्रम उलटा केला तर पेशींसमोर जाणारी वस्तू वेगळी असते.

आकार मोजायचा कशाने, यावर तरुण सहकाऱ्यांशी माझं नेहमी बोलणं होतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधलं चित्र बघितलं की डोळ्यांना खात्री पटते. पण त्यासाठी थेंब जाळीवर वाळवावा लागतो, निर्वातात ठेवावा लागतो. वाळताना कण एकत्र येतात, त्यामुळे चित्रातला पुंजका द्रवातही होता की जाळीवर जमला हे चित्र सांगत नाही. डीएलएस, म्हणजे डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग हे तंत्र, द्रवातच मोजतं. कणांवरून विखुरलेला प्रकाश किती झपाट्याने थरथरतो यावरून ते किती वेगाने हलताहेत हे कळतं आणि त्यावरून व्यास निघतो. त्याची अडचण निराळी. लहान कणांचं प्रकाश विखुरणं व्यासाच्या सहाव्या घातात वाढतं. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या एका कणापेक्षा दहा लाख पट प्रकाश विखुरतो. मूठभर गुठळ्या असल्या तरी त्याच बोलतात, बाकीची अख्खी गर्दी गप्प होते. त्यातून मीडियममध्ये सीरम, म्हणजे रक्ताचा प्रथिनयुक्त द्रवभाग, असेल तर त्यातली प्रथिनं आलेखावर स्वतःचंच एक शिखर दाखवतात. म्हणून मी आधी कण न घातलेलं मीडियम मोजते, मग कण घातलेलं. एका यंत्राचा एक आकडा 'कणाचा आकार' म्हणून छापलेला दिसला की मी पुढे वाचताना सावध होते. मायक्रोस्कोपने प्राथमिक कण दाखवला, डीएलएसने द्रवातला पुंजका दाखवला. दोन्ही खरे आहेत, दोन्ही हवेत, आणि दोन्ही न जुळणं साहजिक आहे.

रक्तद्रवात गेल्यावर कणाभोवती प्रथिनांचा एक थर बसतो. २००७ साली या 'प्रोटीन कोरोना'ची कल्पना ठळकपणे मांडली गेली. काही प्रथिनं पटकन येतात नि जातात, काही हळू येतात आणि तासन्‌तास चिकटून राहतात. पेशी ओळखते ती या आवरणाला, आतल्या टायटॅनियमला किंवा सोन्याला नव्हे. सीरम घातलेल्या आणि न घातलेल्या मीडियममध्ये त्याच कणाचे परिणाम इतके वेगळे का येतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आता त्या गोष्टीकडे येते जी मी या कामात नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगते. २००४ साली एक अभ्यास खूप गाजला. कार्बनच्या ६० अणूंचा पोकळ चेंडू, म्हणजे फुलरीन, पाण्यात पसरवून त्यात लार्जमाउथ बास जातीचे छोटे मासे ४८ तास ठेवले होते, आणि त्यांच्या मेंदूत ऑक्सिडेशनने मेदाची हानी झालेली आढळली. नॅनोपदार्थ मेंदूपर्यंत पोचतात, या बातमीने काळजी पसरली, आणि ती रास्तही होती. फुलरीन पाण्यात उतरत नाही, म्हणून ते आधी टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात विरघळवून पाण्यात आणलं होतं आणि द्रावक काढून टाकलं होतं. पुढे २००७ साली दुसऱ्या गटाने झेब्राफिशच्या पिल्लांवर तपासणी केली. त्यांनी फुलरीन द्रावकातून आणलं, नुसतं पाण्यात ढवळून आणलं, आणि तिसरं म्हणजे फुलरीन अजिबात न घालता द्रावकाची सगळी कृती जशीच्या तशी केलेलं पाणी घेतलं. पिल्लं मेली ती द्रावकवाल्या दोन्ही पाण्यांत, फुलरीन असो वा नसो. रासायनिक विश्लेषणात त्या द्रावकापासून तयार झालेलं गॅमा-ब्युटायरोलॅक्टोन सापडलं. विषाचा मोठा वाटा त्याचा होता.

यातून फुलरीन निर्दोष ठरत नाही. ठरतं एवढंच, की कण सोडून बाकी सगळं तसंच असलेला नमुना शेजारी ठेवला नाही तर कुणाचा आरोप कुणावर जाईल याचा नेम नाही. सोन्याच्या नॅनोरॉडबाबतही असंच झालं. त्या बनवताना लागणारं सीटॅब हे रसायन पेशींचं आवरण फाडतं, आणि धुऊनही ते थोडं उरतंच. म्हणून कण सेंट्रिफ्यूज करून खाली बसवायचे आणि वरचा स्वच्छ द्रव वेगळा पेशींवर घालून बघायचा. ही साधी चाचणी आहे, आणि तिने अनेक निष्कर्ष उलटले आहेत.

एन्डोटॉक्सिन हा असाच एक चोरपाहुणा. बॅक्टेरियांच्या भिंतीचा हा तुकडा ऑटोक्लेव्हने, म्हणजे दाबाखालच्या वाफेने, जात नाही. बॅक्टेरिया मरतात, तुकडा उरतो. रोगप्रतिकारक पेशी त्याच्या अत्यल्प मात्रेनेही खवळतात, आणि मग 'कणांमुळे दाह झाला' असं नोंदवलं जातं. काचेची भांडी २५० अंशांवर अर्धा तास भाजून घेता येतात, पण लेप असलेले कण तसे भाजता येत नाहीत. ते पहिल्यापासूनच स्वच्छतेत बनवावे लागतात. हॉर्सशू क्रॅबच्या रक्तातून बनणाऱ्या घटकावर चालणारी तपासणी करावी, तर सोन्या-चांदीचे कण स्वतःच प्रकाश शोषून वाचन बिघडवतात. त्यामुळे ठाऊक असलेली मात्रा मुद्दाम घालून ती पुरी परत दिसते का, हेही बघावं लागतं.

पेशी मोजायच्या चाचण्याही कणांपुढे डगमगतात. २००६ साली दाखवलं गेलं, की जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत तयार होणारे जांभळे स्फटिक कार्बन नॅनोट्यूबना चिकटून बसतात, रंग कमी भरतो आणि पेशी मेल्याचा भास होतो. त्याच पेशींवर पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची दुसरी चाचणी लावली तर त्या जिवंत होत्या.

चांदी आणि झिंक ऑक्साइड यांची बाब आणखी वेगळी, कारण ते थोडेथोडे विरघळतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हवा वगळून, म्हणजे चांदीचं ऑक्सिडेशन होऊ न देता, बॅक्टेरियांना चांदीचे कण दिले. खूप जास्त मात्रेतही त्यांनी फारसं मारलं नाही. मारत होते ते सुटलेले आयन, म्हणजे चांदीचे विद्युतभारित अणू. मग चार महिने शेल्फवर ठेवलेला चांदीचा स्टॉक आणि आज बनवलेला स्टॉक एकच मानायचा का? मी मानत नाही. व्हायलवर तारीख असते आणि वापरण्याच्या दिवशी विरघळलेली चांदी पुन्हा मोजली जाते.

आणि डोस. प्लेटच्या तळाशी पेशी, वर मीडियम, त्यात मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम कण. हा आकडा द्रवाचा आहे, पेशींना काय मिळालं याचा नाही. जड, मोठे पुंजके काही तासांत तळाशी बसतात आणि पेशींवर ढीग होतो. बारीक सुटे कण नुसते भरकटत राहतात, २४ तासांतही त्यातले बरेच पेशींना भेटत नाहीत. २०११ साली काही संशोधकांनी पेशी उलट्या टांगून, म्हणजे मीडियमच्या छताला ठेवून, सोन्याचे कण दिले. कणांचा तळाशी बसण्याचा वेग जिथे जास्त होता, तिथे सरळ आणि उलट्या पेशींनी घेतलेल्या सोन्यात मोठा फरक पडला. द्रव तोच, तीव्रता तीच. आता पुंजक्याची परिणामी घनता मोजून किती वेळात किती माल तळाशी पोचेल याचा हिशेब करता येतो. पुंजक्यात कणांच्या मधे द्रव अडकलेला असतो, म्हणून त्याची घनता पुस्तकातल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या घनतेपेक्षा बरीच कमी भरते. पुस्तकातला आकडा टाकला की हिशेब चुकतो.

विषारी नसलेल्याला विषारी ठरवणं वाईटच, पण मला जास्त धास्ती उलट चुकीची वाटते. नीट न पसरलेल्या पावडरीच्या गुठळ्या वेलच्या, म्हणजे प्लेटमधल्या पेशींच्या खळग्याच्या, एका कोपऱ्यात जमल्या, पेशींना जवळजवळ काही मिळालंच नाही, आणि अहवालात आलं की 'या मात्रेपर्यंत परिणाम आढळला नाही'. हे वाक्य पुढे परवानगीच्या फायलीत जातं, उत्पादनाच्या माहितीपत्रकात जातं. ती पावडर गोण्यांतून ओतणारा कामगार मात्र फुप्फुसात काय घेतो, तर हवेत उडालेली कोरडी धूळ. आमच्या अल्ब्युमिनच्या पाण्यात तयार केलेलं त्याच्या वाट्याला येत नाही. त्या धुळीसाठी कण हवेतच, एरोसोल म्हणून, मोजावे लागतात, आणि ते काम द्रवातल्या कामाहून कितीतरी अवघड आणि खर्चिक आहे. म्हणूनच ते टाळलं जातं.

२०१८ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने किमान काय नोंदवावं याची यादी प्रसिद्ध केली: पदार्थाचे गुणधर्म, जैविक बाजू, प्रयोगाची कृती. ती सगळीकडे बंधनकारक व्हावी असं माझं ठाम मत आहे, आणि ही माहिती पुरवणीत नको, मुख्य मजकुरात हवी. बॅच क्रमांक, ज्यूलचा आकडा, मीडियमची रचना, पाण्यातला आकार, मीडियममध्ये घातल्याबरोबर आकार आणि २४ तासांनी त्याच वेलमधून काढलेल्या द्रवातला आकार. हा शेवटचा आकडा घ्यायला कुणी तयार नसतं, कारण तोवर पेशींचा निकाल लागलेला असतो आणि सगळे दमलेले असतात. मी तो घेतल्याशिवाय नमुन्याचा अहवाल सही करून देत नाही.